मोगरी पाठवून द्या

सातपूर, नाशिक
५ डिसेंबर २०२५

जयरामराव,
सप्रेम जयभीम.

फोन करत नाही, कारण फोनवर तुम्ही सगळ्यालाच "हो हो" म्हणता. मागच्या महिन्यात मी विचारलं, लग्नाला तुमच्याकडची किती माणसं येतील, तर तुम्ही म्हणालात, "हो, थंडी वाढलीये." चाळीस वर्षं ठोकाठोकी केलेल्या सुताराचे कान असेच व्हायचे. व्हॉट्सअॅप करावं तर तुमचा मोबाईल चैतालीच्या हातात, आणि मला जे लिहायचंय ते नेमकं तिच्यापासूनच लपवायचंय. म्हणून हे पोस्टाचं पाकीट. ती निफाडला कचेरीत गेलेली असते तेव्हाच तुमच्याकडे पोस्टमन येतो, एवढी चौकशी आमच्या मालनने लंकावहिनींकडे करून ठेवली आहे.

तुम्ही सायकलवरून पडलात आणि उजवा खांदा मोडला, हे कळल्यापासून आम्हाला चैन नाही. त्यातच वहिनींनी मालनला सगळं सांगितलं. चैतालीला लग्नात पुस्तकांचं कपाट द्यायचं, तेही स्वतः करून, असं तुम्ही कबूल केलंय म्हणे. फळ्या कापून तयार आहेत आणि तुम्ही रोज त्यांच्याकडे नुसते बघत बसता. तिचं आणि आमच्या संघर्षचं लग्न बावीस फेब्रुवारीला आहे. फळ्या बघून कपाट होत नाही.

तर माझं म्हणणं असं. मी चौतीस वर्षं फिटर होतो, मे महिन्यात रिटायर झालो. घरामागे शेड आहे, बाक आहे, शिकंजा आहे. सात हातोडे आहेत, त्यातला एक तांब्याचा, एक नायलॉनचा. फळ्या पाठवून द्या. माझ्या सुनेचं कपाट मी जोडतो. लाकूड म्हणजे काय, लोखंडापेक्षा मऊच.

आपला होणारा व्याही,
शेखर गांगुर्डे


येवला
१० डिसेंबर २०२५

शेखरराव,
जयभीम. खांदा मोडलाय, बोटं शाबूत आहेत. पाट मांडीवर घेऊन लिहितोय, अक्षराला हसू नका.

"लोखंडापेक्षा मऊच" हे वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. म्हटलं, या माणसाला फळी काय, भुसासुद्धा द्यायचा नाही. दोन दिवस तसाच बसलो. मग लंका म्हणाली, "आता काय, वऱ्हाडाला फळ्याच दाखवनार का?" चाळीस वर्षांच्या संसारात ती फार वेळा बरोबर निघाली आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी हे कपाट म्हणजे काय ते ऐका. चैताली बारावीत होती तेव्हा तिची पुस्तकं गोणीत ठेवलेली असायची. दुसरीकडे जागा नव्हती. एके दिवशी बघतो तर वाळवी लागलेली. पोरगी रडली नाही. अंगणात बसून एकेक पुस्तक झटकून उन्हात मांडत राहिली. ते मला बघवेना. मी बोलून गेलो, तुझ्या लग्नात मी तुला एकही खिळा नसलेलं कपाट देईन, माझ्या या हातांनी. आता हात असा झोळीत. फळ्या सागवानाच्या आहेत, पन्नास वर्षं पैठणी विणलेल्या एका मागाच्या. माग मोडीत निघाला तेव्हा मी लाकूड जपून ठेवलं. तसं आता मिळायचं नाही, हे लक्षात असू द्या.

तुमचे सातही हातोडे कुलपात घाला. खाच पाडायच्या पटाशीची मूठ लाकडाची असते. तिच्यावर लोखंड मारलं की मूठ फुटते आणि पटाशी भलतीकडे धावते. फरशीवाल्यांचा रबरी हातोडा चालत नाही, तो उसळतो आणि निम्मा जोर वाया जातो. लाकडाला लाकूडच लागतं. त्याला मोगरी म्हणतात, आणि ती तुम्ही स्वतः करायची. हात ज्याचा, मोगरी त्याची, हा माझ्याकडचा नियम आहे. माझी मी कुणाला दिलेली नाही.

फळ्यांबरोबर बाभळीचा ठोकळा पाठवतोय, तीन वर्षं सावलीत वाळलेला. त्याचं डोकं करा, सोललेल्या नारळाएवढं वजन ठेवून. हलकी असेल तर जोर लावून लावून दमाल, जड असेल तर मनगट धरेल. दोन्ही तोंडं किंचित तिरकी तासा, कारण हात सरळ खाली येत नाही, फिरून येतो. भोक वर रुंद, खाली अरुंद. दांडाही तसाच करायचा.

डॉक्टर म्हणतात संक्रांतीपर्यंत हात चालू होईल. तोवर तुम्ही बाजूच्या फळ्यांना खाचा पाडून ठेवा. त्या खाचांत बसणाऱ्या, आडव्या फळ्यांच्या टोकाच्या जिभा मी आधीच काढल्यात. जोडायला मी येतो.

जयराम पगारे


सातपूर
१७ डिसेंबर २०२५

जयरामराव,
एसटीचं पार्सल सोडवून आणलं. फळ्या बघून मालन म्हणाली, "याच्यावर हात ठेवला तरी बरं वाटतं." ठोकळा मात्र बाभळीचा नसून दगडाचा आहे अशी माझी खात्री होती. दोन करवतीची पाती गेली.

मोगरी झाली. पहिली मोगरी झाली तशी गेलीसुद्धा, तेही सांगून टाकतो. आम्ही हातोड्याला दांडा खालून घालतो आणि वरून पाचर मारतो. चौतीस वर्षांची सवय. तुम्ही भोक वर रुंद लिहिलंत, पण दांडा कुठून घालायचा ते लिहिलं नाहीत. मी खालून घातला आणि वर राहिलेल्या फटीत पाचर मारली. पहिला फटका मारला. दांडा माझ्या हातात राहिला आणि डोकं भिंतीवरून भागीबाईंच्या अंगणात गेलं. त्या बाजरी निवडत बसल्या होत्या. सूप पालथं झालं. डोकं हातात घेऊन त्या फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, "शेखरभाऊ, रिटायर झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात हो."

तासभर त्यांची बाजरी निवडून दिली. तेवढ्या वेळात डोक्यात प्रकाश पडला की दांडा वरून घालायचा, म्हणजे प्रत्येक फटक्याला डोकं आणखी घट्ट बसत जातं. पाचर नको, काही नको. ज्याने हे पहिल्यांदा काढलं तो माणूस आमच्या कारखान्यात असता तर मी त्याला सलाम केला असता.

रबरी हातोडाही घेऊन बघितला, तुमच्यावर विश्वास नव्हता म्हणून. उसळून माझ्याच कपाळाकडे आला. विश्वास बसला.

शेखर


येवला
२१ डिसेंबर २०२५

शेखरराव,
तुमचं पत्र वाचून मी इतका हसलो की खांदा ठणकला. लंकाला वाचून दाखवलं, ती भाकरी थापायची थांबली. दांडा वरून घालतात हे लिहायचं राहिलं, चूक माझी. कुणी खालून घालेल असं मला सुचलंच नाही.

आता खाचा. आधी रद्दी लाकडावर दहा पाडा, मग फळीला हात लावा. दांडा टोकाकडे धरायचा, नवशिके डोक्याजवळ धरतात. मोगरी मारू नका, तिला पडू द्या. ती वजनाने काम करते, आपण फक्त वाट दाखवायची. कमी खोल, जास्त वेळा. आणि तुम्हाला कान आहेत तर ऐका. पटाशी नीट बसत असेल तेव्हा आवाज घट्ट येतो. चुकीच्या रेषेत शिरली की पोकळ येतो. मला आता आवाज येत नाही, पण मनगटाला कळतं.

एका दिवसात दोनच खाचा. घाई करणाऱ्या माणसाला सागवान माफ करत नाही.

जयराम


सातपूर
२ जानेवारी २०२६

जयरामराव,
नवीन वर्षाच्या शुभेच्छा. काम व्यवस्थित चालू आहे. बऱ्याच खाचा झाल्या. इकडे थंडी फार आहे. वहिनींना नमस्कार.

शेखर


येवला
६ जानेवारी २०२६

शेखरराव,
तुम्ही साधी थंडी सांगायची तरी एक पान घेता. यावेळी पाच ओळी. भागीबाई नाहीत, मालनताई नाहीत, एकही बढाई नाही.

मोगरी पाठवून द्या. बघायची आहे.

जयराम


येवला
१३ जानेवारी २०२६

शेखरराव,
मोगरी मिळाली. सोबत चिठ्ठी नव्हती, पण मोगरी बरंच बोलली.

काम चांगलं केलंय. तोंडाचा तिरकेपणा बरोबर आहे, दांडा हाताला गोड लागतो. पण पटाशीच्या मुठीचा शिक्का बाभळीवर उमटतो. थोडाच उमटतो, पण उमटतो. सोळा खाचा पाडायच्या म्हणजे हजारभर फटके. इथे मला मोजून शंभर-सव्वाशे खुणा दिसतात, त्याही एका कडेला. बाकी मोगरी नव्या नवरीसारखी कोरी आहे. मग "बऱ्याच खाचा" तुम्ही पाडल्यात कशाने?

रागावलेलो नाही. काय झालं ते लिहा.

जयराम


सातपूर
१६ जानेवारी २०२६

जयरामराव,
तुमचं पत्र वाचून मी शेडमध्ये जाऊन बसलो. मालनने दोनदा जेवायला बोलावलं, गेलो नाही. आता लिहूनच टाकतो.

मोगरीने दोन खाचा पाडल्या. त्या चांगल्या झाल्या. पण मला ते हळू वाटलं. मनात आलं, संक्रांतीला तुम्ही याल आणि बघाल तर सोळाच्या सोळा तयार, फिटर काय चीज आहे ते कळू दे. तुम्ही लोखंड नको म्हणाला होतात. मी तांब्याचा हातोडा काढला. आम्ही शाफ्टवर तो वापरतो, ओरखडा येत नाही. मनाशी म्हटलं, तांबं म्हणजे काही लोखंड नव्हे. वकिली केली स्वतःशीच.

डाव्या बाजूच्या फळीला पाचवी खाच चालू असताना पटाशीची मूठ उभी फुटली. तरी मी आणखी एक फटका मारला. पटाशी रेषेबाहेर धावली आणि फळी टोकापासून दीड वीत चिरली. आवाज अजून कानात आहे. पन्नास वर्षं मागाचा धक्का सोसलेलं लाकूड, ते मी एका मिनिटात फाडलं. बाजारात चार वखारी फिरलो. तसा रंग, तसं लाकूड कुठे नाही.

तुम्हाला कसं सांगावं कळेना, म्हणून थंडीचं लिहिलं. मला फार वाईट वाटतंय, जयरामराव. चैतालीला मी काय तोंड दाखवू?

शेखर


येवला
२० जानेवारी २०२६

शेखरराव,
तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना फळी डोळ्यासमोर आली आणि जीव कळवळला. दुसऱ्यांदा वाचताना, खरं सांगू, बरं वाटलं. या कपाटापायी खोटं बोलणारा मी एकटाच नाही म्हणून.

डॉक्टर संक्रांतीचं काही बोललेच नव्हते. खांद्यात पट्टी घातलीये, सहा स्क्रू आहेत. हात कमरेच्या वर येत नाही आणि ठोकण्याचं काम आता विसरा असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. लंकालाही मी हे परवा सांगितलं. ती भांडली, मग रडली, मग चहा केला.

तुमची मोगरी आली त्या दिवशी घरात कुणी नव्हतं. डाव्या हातात घेऊन मी पाटावर एक फटका मारला. बाभूळ कडक, धक्का मानेतून थेट पलीकडच्या खांद्यापर्यंत गेला. डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन महिने मी स्वतःला सांगत होतो की डाव्या हाताने जमेल. त्या दिवशी कळलं की जमायचं नाही.

फळीचं म्हणाल तर तिला उपाय आहे. चिरेत सरस भरायचा, दाबून बांधायची, आणि चिरेवर आडवा एक तुकडा बसवायचा, डमरूसारखा, मधे बारीक, दोन्हीकडे रुंद. तो चीर पुढे जाऊ देत नाही. पण त्याची खाच केसाइतकीही सैल चालत नाही. ती तुमच्याकडून होणार नाही. माझ्याकडून होणारी होती.

आता काय करायचं ते तुम्ही सांगा. मला सुचत नाही.

जयराम


सातपूर
२७ जानेवारी २०२६

जयरामराव,
आता लाकडाचं थोडा वेळ बाजूला ठेवा आणि फिटरचं ऐका.

तुम्हाला त्रास फटक्याचा होत नाही, उसळीचा होतो. मोगरी पटाशीवर आपटते, मागे येते, आणि ती उसळी तुमच्या खांद्यात शिरते. आमच्याकडे मशीनमधले नाजूक भाग बसवायला एक हातोडा असायचा, त्याचं डोकं पोकळ आणि आत छर्रे. डोकं आपटलं की ते मागे जायला बघतं, तेवढ्यात आतले छर्रे पुढे येऊन त्याला दाबून धरतात. उसळी जागच्या जागी मरते. थोडक्या उंचीवरून मारलं तरी काम होतं, हात वर न्यावा लागत नाही.

तसा तुमच्यासाठी केलाय. डोकं बाभळीचंच आहे, नाहीतर तुम्ही हात लावला नसतात. आत पोखरून जुन्या बेअरिंगचे छर्रे भरले, थोडी जागा रिकामी ठेवून. एका तोंडाला माझ्या कारखान्यातल्या बुटाचं चामडं लावलंय. पहिला भरलेला जड झाला, दुसरा खुळखुळा झाला, भागीबाईंनी नातवासाठी मागून नेला. हा तिसरा आहे.

दांडा मुद्दाम लांब आणि जाड ठेवलाय. हात ज्याचा, मोगरी त्याची. तो तुमच्या डाव्या हाताप्रमाणे तुम्ही तासून घ्या.

फळीची चीर सरस भरून बांधली होती, आता घट्ट आहे. फळीही सोबत पाठवतोय. चैताली निफाडला गेली की स्टँडवरून सोडवून घ्या. उरलेल्या खाचा मी मोगरीने पाडतोय, रोज दोन. तुमच्याकडची मोगरी परत पाठवा हो, मी दुसरी करून घेतलीय, पण पहिलीवर जीव आहे.

शेखर


येवला
५ फेब्रुवारी २०२६

शेखरराव,
पार्सल उघडलं आणि लंकाला म्हणालो, "बघ, सुताराला खेळणं पाठवलंय." हलवून पाहिलं. आत वाळूसारखं काहीतरी सरकलं. दोन दिवस कोपऱ्यात ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी दांडा तासायला घेतला. नुसता तासू, म्हटलं, वापरायचा कुठे आहे. तासताना हाताला बसला. मग पटाशी धरली, म्हणजे उजव्या हाताने धरली, तो हात कमरेपाशी धरायला चालतो. डाव्याने वीतभर उंचीवरून फटका मारला.

काहीच झालं नाही. म्हणजे खांद्याला काही झालं नाही, आणि पटाशी लाकडात शिरली होती. पुन्हा मारला. पुन्हा शिरली. मी ओरडलो असणार, कारण लंका पिठाच्या हातांनी धावत आली. तिला वाटलं मी पडलो. मी तिला मारून दाखवलं. शेखरराव, मी रडलो. तिच्यासमोर, उघड.

पूर्वी हे काम तासाभराचं होतं. आता चार दिवस लागले. दोन डमरू वाया गेले. तिसरा चिंचेच्या लाकडाचा केला आणि तो बसला. केस घालून पाहिला, जात नाही. त्यावर रंधा मात्र लंकाने धरून मारला, तेवढं कबूल करतो.

फळी परत पाठवतोय. एक विनंती आहे. ही बाजू भिंतीकडे करा. आणि मी काही केलं हे चैतालीला सांगू नका. सबंध कपाट माझ्या हातांनी देईन असं बोललो होतो, आणि माझ्या वाट्याला आलं ते बोटभर काम, तेही फुटक्या फळीवर. ते काय दाखवायचं. कपाट तुम्ही केलंत, तसंच सांगा.

तुमची मोगरी सोबत आहे. तुमचा तो खुळखुळा मी परत देणार नाही.

जयराम


सातपूर
१५ फेब्रुवारी २०२६

जयरामराव,
कपाट उभं राहिलं. एकही खिळा नाही. शेवटची फळी मोगरीने आत गेली तेव्हा आवाज असा घट्ट आला की मालन आतून म्हणाली, "झालं वाटतं." चिरेची बाजू भिंतीकडे केली आहे. तुमचं म्हणणं मला पटलेलं नाही, पण व्याह्याचा शब्द म्हणून पाळतो. चैतालीने विचारलं तर मात्र मला दुसऱ्यांदा थंडीचं लिहायला सांगू नका.

रविवारी वाट बघतो. सगळे या.

शेखर


सातपूर
१२ मार्च २०२६

प्रिय पप्पा,
जयभीम. आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहितेय. कारण पुढे येईलच.

लग्नाच्या दिवशी तुम्ही मला कपाटापुढे नेलंत आणि म्हणालात, "मी काही केलं नाही गं, सगळं यांनी केलंय." मी हसले, कपाट सुंदरच होतं. पण रात्री मला थोडं लागलं, खोटं कशाला बोलू. तुमचा खांदा मला माहीत होता, तरीही लागलं. बारावीतल्या त्या उन्हात तुम्ही दिलेल्या शब्दाची मी आठ वर्षं वाट बघत होते.

गेल्या रविवारी पुस्तकं लावताना मी बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, सहज विचारलं की पप्पांनी यात खरंच काहीच केलं नाही का. ते म्हणाले, "आज थंडी फार आहे." मार्चमध्ये! मग आईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ते उठले, ट्रंकेतून तुमची पत्रं काढली, त्यांनी स्वतः पाठवलेल्या पत्रांच्या कच्च्या प्रतीही काढल्या (बाबा प्रत ठेवतात, फिटर आहेत), आणि गठ्ठा माझ्या हातात दिला. म्हणाले, "मी काही सांगितलेलं नाही. वाचता तुला येतं."

मी शेडच्या पायरीवर बसून सगळी वाचली. भागीबाईंच्या बाजरीपाशी हसले. तुमच्या पाच फेब्रुवारीच्या पत्राशी आले तेव्हा पुढची अक्षरं दिसेनात.

मग मी आत गेले आणि लावलेली सगळी पुस्तकं पुन्हा खाली काढली. तीनशे बारा. संघर्ष नुकताच ड्युटीवरून आला होता, त्याला जेवूही दिलं नाही. तो, बाबा आणि मी, तिघांनी मिळून कपाट उचललं आणि फिरवलं. कुठून तरी भागीबाई आल्या आणि "हळू, हळू" म्हणत राहिल्या. आधीची भिंत सोडली, पलीकडच्या भिंतीला लावलं, म्हणजे चिरेची बाजू दाराकडे आली.

पप्पा, तुम्ही केलेल्या डमरूवर मी बोट फिरवून बघितलं. डोळे मिटले तर लाकूड कुठे संपतं आणि डमरू कुठे सुरू होतो ते कळत नाही.

आता दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी तेच दिसतं. लोक विचारतात, हे काय आहे. मी सांगते, हे माझ्या पप्पांनी डाव्या हाताने केलंय.

तुमची,
चैताली